कागदाला पगार, अनुभवाला सवड

स्वयंसेवकांनी चालवलेल्या लहान रुग्ण-आधार संस्थांचे आपल्याकडे एक ठरावीक कौतुक होते. वार्षिक मेळाव्यात प्रमुख पाहुणे ते बोलून दाखवतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या ते छापतात आणि पदाधिकारीही आपल्या अहवालात ते अभिमानाने लिहितात: ‘आमच्याकडे एकही पगारी माणूस नाही, देणगीतला प्रत्येक रुपया थेट रुग्णांसाठी.’ या वाक्याला टाळ्या पडतात. देणगीदाराला त्यात प्रामाणिकपणा दिसतो आणि कार्यकर्त्याला त्याग. माझ्या मते या वाक्यातच संस्थेच्या आजाराचे निदान आहे.

अशा संस्थेत दोन जातींची कामे असतात. एक अनुभवाचे काम: आजारासोबत राहिलेल्या माणसाने, त्याच आजारात नुकत्याच सापडलेल्या माणसाला वेळ देणे. दुसरे कागदाचे काम: पावत्या, लेखापरीक्षण, धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय, आयकर, बँक, सभागृहाचे आरक्षण. पहिले काम पैशाने विकत घेता येत नाही आणि घ्यायला गेले तर त्याचा कस जातो. दुसरे काम मोबदला देऊनच नीट होते आणि फुकटात उरकायला गेले तर ते पहिल्या कामाचा वेळ खाते. आपली दानाची रीत मात्र नेमकी उलटी आहे. समुपदेशक, शिबिर, ‘प्रकल्प’ यांना पैसे मिळतात; हिशेब लिहिणाऱ्याला मिळत नाहीत. जे विनामूल्य राहायला हवे तिथे आपण पगार देतो आणि जिथे पगार हवा तिथे त्यागाची अपेक्षा करतो.

हे तपासण्यासाठी एकाच आजाराच्या संस्थेचे एक वर्ष डोळ्यांसमोर ठेवू. मी पार्किन्सन्स निवडतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्सवर काम करणारी सोसायटी आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हे जग परके नाही. मात्र पुढचे वर्णन कोणा एका संस्थेचे नाही. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या, वीस-पंचवीस कार्यकर्त्यांच्या कोणत्याही संस्थेला जी चाकोरी चुकत नाही, तिचे ते आहे.

१. संस्था देते काय?

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टराने १८१७ साली कंपवातावर जो निबंध लिहिला, तो अवघ्या सहा रुग्णांच्या निरीक्षणावर आधारलेला होता आणि त्यातले काही जण त्याला केवळ रस्त्यात भेटले होते. चालताना, थांबताना, वाकताना माणूस कसा दिसतो यातून हा आजार वैद्यकशास्त्राला कळला. पुढे दीडशे वर्षांनी लेव्होडोपा आले आणि उपचारांचे चित्र बदलले. तरीही आजार पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही. निदानानंतर माणूस दहा, पंधरा, कधी वीस वर्षे या आजारासोबत जगतो. एवढ्या काळात न्यूरॉलॉजिस्टसमोर तो किती वेळ बसतो? दर दोन-तीन महिन्यांनी काही मिनिटे. उरलेला सगळा वेळ घरातला असतो.

त्या घरातल्या वेळाचे एक शास्त्र आहे आणि ते बव्हंशी पुस्तकाबाहेर आहे. दाराच्या चौकटीत पाय जमिनीला खिळले तर ओढायचे नाही. समोर काठी आडवी धरायची किंवा फरशीवर रंगीत पट्टी चिकटवायची, म्हणजे माणूस ती ओलांडतो. ‘एक-दोन, एक-दोन’ म्हटले की पाऊल सुटते. प्रथिनांनी भरलेल्या जेवणासोबत गोळी घेतली तर तिचा असर कमी होतो, म्हणून डाळ-उसळीचे आणि गोळीचे वेळापत्रक जुळवायचे. रात्री कुशीवर वळता येत नसेल तर गुळगुळीत कापडाची चादर घालायची. डॉक्टरांना यातले बरेच ठाऊक असते. पण कोणत्या घरात कोणती युक्ती लागू पडते हे ती वापरणाऱ्यालाच कळते.

याहून अवघड गोष्टी वेगळ्या आहेत. या आजारावरच्या काही औषधांनी रुग्णाला जुगाराची, बेसुमार खरेदीची किंवा लैंगिक वर्तनातली अनावर ओढ लागू शकते. घरातल्यांना वाटते, म्हातारपणी माणूस बिघडला. लाजेपोटी ते डॉक्टरांपाशीही बोलत नाहीत. अशा वेळी दुसऱ्या एका बाईने फोनवर ‘आमच्याकडेही हेच झालं होतं, औषधानं होतं ते, उद्याच डॉक्टरांना सांगा’ एवढे म्हणणे, हा रुग्ण-आधार संस्थेचा सर्वांत मोलाचा क्षण असतो. त्याचा फोटो निघत नाही, तो अहवालात येत नाही आणि त्याला खर्चाचे शीर्षक नसते.

हे काम विकत का घेता येत नाही, याची तीन कारणे आहेत. पहिले, त्या बाईच्या शब्दाला वजन येते ते तिने स्वतः सोसले म्हणून. तेच वाक्य पगारी समुपदेशकाने म्हटले तर ती माहिती होते, कबुली होत नाही. दुसरे, इथली मदत दुहेरी असते. आज ऐकणारा दोन वर्षांनी सांगणारा होतो, आणि सांगता सांगता त्याचाही आजार त्याच्या ताब्यात येत जातो. पगार मध्ये आला की देणारा आणि घेणारा कायमचे वेगळे होतात. तिसरे कारण कालावधीचे. आजार पंधरा वर्षांचा आणि प्रकल्प एक वर्षाचा असला की निधी संपताच नेमलेला माणूस जातो आणि त्याच्याबरोबर त्याला कळलेली घरेही जातात. शुभार्थी आणि शुभंकर (आपल्याकडच्या आधारगटांनी रूढ केलेले हे शब्द, रुग्णासाठी आणि त्याची काळजी घेणाऱ्यासाठी) मात्र तिथेच असतात.

या अनुभवातून नव्या कल्पनाही निघतात. पार्किन्सन्स असलेल्यांसाठी नृत्याचे वर्ग आज अनेक देशांत चालतात. त्यांची सुरुवात २००१ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये झाली, ती तिथल्या पार्किन्सन्स आधारगटाच्या संस्थापिकेने मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेचे दार ठोठावले म्हणून. पुण्यातही हृषीकेश पवार या नर्तकाने असे वर्ग चालवले. हालचाल हरवत चाललेल्या माणसाला नर्तकाकडे न्यावे, हे आधारगटाला सुचले. कारण ताल मिळाला की पाऊल सुटते हे तिथे रोज दिसत होते.

२. वर्ष कुठे खर्च होते?

आता हीच संस्था दिनदर्शिकेवर पाहू. वर्ष सुरू होते एप्रिलमध्ये, आणि ११ एप्रिल हा जेम्स पार्किन्सनचा जन्मदिवस म्हणून जागतिक पार्किन्सन्स दिन. म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा मेळावा आणि आधीच्या वर्षाचे हिशेब बंद करण्याची घाई एकाच पंधरवड्यात येतात. स्मरणिका, पाहुणे, तळमजल्यावरचे सभागृह, चाकाच्या खुर्चीला उतार, कमोडची सोय, हे एकीकडे. बँकेचा ताळमेळ आणि राहिलेली व्हाउचरे दुसरीकडे.

मे महिन्यात आयकर खात्याला देणगीदारांची यादी द्यायची. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून ८०-जी सवलतीच्या प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन किंवा आधार आणि रक्कम ३१ मेपर्यंत ऑनलाइन भरावी लागते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. आईच्या स्मरणार्थ ५०१ रुपये देणाऱ्या आजोबांकडे पॅन मागण्यासाठी तीनदा फोन करावा लागतो आणि तिसऱ्यांदा त्यांना तो सायबर भामट्याचा फोन वाटतो. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर सवलत मिळत नाही, हे समजावण्यात आणखी वेळ जातो.

पावसाळ्यात मासिक सभेची हजेरी रोडावते, कारण ओल्या फरशीची भीती या आजारात खरी असते. लेखापरीक्षण मात्र थांबत नाही. ३१ मार्चला वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत परीक्षित हिशेब तयार हवेत, त्याआधी वार्षिक सर्वसाधारण सभा, तिची नोटीस, गणसंख्या, इतिवृत्त. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालचा आहे. त्याखाली विश्वस्त मंडळातला प्रत्येक बदल, निवड, राजीनामा किंवा मृत्यू, ९० दिवसांत कळवावा लागतो. ज्या संस्थेचे विश्वस्तच सत्तरीपुढचे किंवा आजारी असतात, तिथे बदल अर्ज हा नित्याचा विधी होऊन बसतो आणि आधीचा अर्ज मंजूर होण्यापूर्वी पुढचा दाखल करण्याची वेळ येते.

पार्किन्सन्सच्या संस्थेत या सगळ्याला एक खास काच आहे. या आजारात अक्षर बारीक होत जाते, सही बदलते. ज्याच्या सहीवर संस्थेचे खाते चालते तोच शुभार्थी असेल तर धनादेश ‘सही जुळत नाही’ म्हणून परत येतो. मग नवा नमुना, नवा ठराव, केवायसीचे कागद आणि त्या कागदांवर पुन्हा सह्या.

दिवाळीच्या आगेमागे देणग्या येतात, सहल निघते, आणि परदेशातली मुले घरी येतात. वडिलांना इतका आधार दिलेल्या संस्थेला काहीतरी द्यावे असे त्यांना वाटते. मुलगा न्यू जर्सीत राहतो पण पासपोर्ट भारतीय असेल आणि त्याने बँकेमार्फत स्वतःच्या कमाईतून पैसे पाठवले, तर ती साधी देणगी. त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल तर तीच रक्कम विदेशी अंशदान ठरते. त्यासाठी विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत ठरावीक खाते हवे. हे माहीत नसलेला प्रेमळ कोषाध्यक्ष संस्थेला एका धनादेशात अडचणीत आणू शकतो. जानेवारीपासून कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी प्रस्ताव, फेब्रुवारीत अंदाजपत्रक, मार्चमध्ये पावत्यांची झुंबड; की पुन्हा एप्रिल.

या बारा महिन्यांत अनुभवाचे काम कुठे बसते? मासिक सभा, व्यायामाचा वर्ग, घरभेटी आणि फोन यांत. आणि इथे सगळ्या गणिताची किल्ली आहे. कागदाला मुदत असते आणि चुकवली तर दंड असतो. फोनला दोन्ही नसते. नव्याने निदान झालेल्या माणसाला आज फोन केला नाही तर कोणीही नोटीस पाठवत नाही. म्हणून ओढाताण झाली की मागे पडतो तो फोनच. कार्यकर्त्याचा वेळ जसजसा आटत जातो तसतशी संस्था कागदोपत्री अधिकाधिक नीटनेटकी आणि माणसांना अधिकाधिक दुर्मिळ होत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला ती उत्तम चाललेली दिसते.

३. रीत उलटी का पडली?

याचे पहिले कारण दृश्यतेचे आहे. शिबिराला फलक लावता येतो, वॉकर वाटपाचा फोटो निघतो. संगणकासमोर बसून देणगीदारांचे पॅन तपासणाऱ्या मुलीच्या मागे कोणी आपल्या कंपनीचा फलक धरत नाही.

दुसरे कारण संशयाचे. धर्मादाय पैशाची उधळपट्टी आपण इतकी पाहिली आहे की ‘प्रशासकीय खर्च’ हा शब्दच चोरीसारखा ऐकू येतो. हा संशय नियमांतही उतरला आहे. विदेशी निधीतला प्रशासकीय खर्चाचा वाटा २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणला गेला. कंपनी कायद्याच्या नियमांतली सामाजिक निधीची ५ टक्क्यांची मर्यादा तर बहुतेक वेळा चुकीची वाचली जाते. ती कंपनीने स्वतःच्या सामाजिक दायित्व विभागाच्या कारभारावर करायच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या हिशेबनीसाला ती लागू नाही. तरीही लहान संस्थेच्या प्रस्तावातून ‘कार्यालयीन साहाय्यक’ ही ओळ पहिल्यांदा खोडली जाते आणि संस्थाही नियम समजून मान डोलावते.

तिसरे कारण आपल्या सेवेच्या कल्पनेत आहे. सेवा म्हणजे स्वतःला झिजवणे, ही कल्पना ज्या काळात घडली तेव्हा सेवकाकडे ऑनलाइन विवरणपत्रे नव्हती. झिजायचे कशासाठी, हा प्रश्न तिने कधी विचारला नाही. पतीला भरवून, औषध देऊन, झोपवून रात्री साडेदहाला संस्थेची व्हाउचरे जुळवत बसणारी शुभंकर त्यागी आहे यात शंका नाही. पण तिच्या त्यागाचे फळ एका कारकुनाच्या दोन तासांइतकेच आहे. तेच दोन तास तिने फोनवर दिले असते तर त्याची बरोबरी करणारा माणूस बाजारात मिळाला नसता.

याचा सर्वांत मोठा फटका दुसऱ्या फळीला बसतो. ‘आमच्याकडे तरुण येत नाहीत’ ही प्रत्येक संस्थेची तक्रार. येणाऱ्याला आपण काय देतो ते पाहावे. चाळिशीतली मुलगी आईच्या आजारामुळे संस्थेत येते, तिला बोलायचे असते, कोणासाठी तरी धावायचे असते. तिला संगणक येतो हे कळताच दोन महिन्यांत ती सहकोषाध्यक्ष होते. वर्षभराने ती दिसेनाशी होते. ती सेवाभावात कमी पडली असा निष्कर्ष आपण काढतो.

४. हा धडा जुना आहे

कागद आणि अनुभव यांची अशी फारकत करा, असे मी पहिल्यांदा म्हणत नाही. १९३५ साली अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झाली. दारूच्या विळख्यातून बाहेर पडलेल्या माणसाने दुसऱ्याचा हात धरायचा, एवढेच तिचे तंत्र. १९५० साली त्यांनी आपल्या बारा परंपरा स्वीकारल्या, त्यांतली आठवी नेमकी याविषयी आहे: एकमेकांना सावरण्याचे काम कायम बिनव्यावसायिक राहील, पण सेवाकेंद्रांना पगारी कामगार नेमता येतील. सातवी परंपरा बाहेरच्या देणग्या नाकारते. म्हणजे ज्या चळवळीने पैशाविषयी इतका कडक सोवळेपणा पाळला, तिनेही कार्यालयात बसणाऱ्याला पगार देणे गैर मानले नाही. मुंबई-पुण्यापासून गावोगाव आजही तिच्या सभा भरतात.

कागद म्हणजे हलके काम, असेही नाही. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थेने ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाच्या पेटंटला हरकत घेतली. लढा वर्षानुवर्षे चालला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. महिन्याला लाखाच्या घरात जाणारे औषध भारतीय कंपन्यांकडून काही हजारांत मिळत राहिले. रुग्णांच्या बाजूने पेटंट कार्यालयात हरकत दाखल करणे आणि ती टिकवणे हे निव्वळ कळवळ्याने होत नाही. त्याला वकील लागतात, फायली लागतात, तारखा सांभाळणारी माणसे लागतात. दुबळा कागद असलेल्या संस्थेला रुग्णाचे सांत्वन करता येते, त्याचा हक्क मात्र मिळवून देता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आला, तो हक्क प्रमाणपत्रात उतरवून घेण्यासाठीही कोणाला तरी अर्जांमागे लागावेच लागते.

५. आक्षेप आणि उत्तरे

*‘एकाला पगार दिला की बाकीच्यांचा सेवाभाव आटतो.’* हा अनुभव काही संस्थांना आला आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण तो कुठे आला ते तपासले पाहिजे. जिथे स्वयंसेवक करत होते तेच काम दुसऱ्याला पैसे देऊन करवले गेले, तिथे आला. घरभेटीला पगारी माणूस नेमला तर स्वयंसेवक म्हणणारच, ‘मग मी का जाऊ?’ हिशेबाला माणूस नेमल्यावर असे विचारणारा स्वयंसेवक विरळा. बहुतेक जण सुटकेचा निःश्वास टाकतात.

*‘अनुभवाच्या नावाखाली अडाणी सल्ले पसरतात.’* हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. खाजकुयलीच्या बियांत मुळातच लेव्होडोपा असते. कोणाला तरी तिच्या चूर्णाने बरे वाटले, ही गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरते आणि दुसरा माणूस गोळीसोबत ते चूर्ण घेऊ लागतो. म्हणजे नकळत औषधाची मात्रा वाढवतो. पण सल्ला देणाऱ्याला पगार दिल्याने तो शहाणा होत नाही. इथे मर्यादा आखावी लागते: अनुभवी माणसाने ‘मला काय झाले’ आणि ‘डॉक्टरांना काय विचारा’ एवढे सांगावे, मात्रा आणि औषध यांवर बोलू नये. ही शिस्त लावण्यासाठी जुन्या कार्यकर्त्यांनी नव्यांसोबत बसायला हवे, गटातले संदेश वाचायला हवेत, सल्लागार डॉक्टरांना शंका विचारायला हव्यात. त्यालाही सवड लागते आणि ती कागदाने खाल्लेली असते.

*‘विनामूल्य वेळ देणे हा सुखवस्तूंचा विशेषाधिकार आहे.’* हे खरे आहे आणि माझ्या मांडणीला इथे मुरड घालावी लागते. पुण्यातल्या निवृत्तिवेतनधारकाकडे दुपार मोकळी असते. विदर्भात सिकलसेलचे ओझे वाहणाऱ्या आदिवासी आणि दलित कुटुंबांत एक दिवस सभेला येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. तिथेही लोकांनी संस्था उभ्या केल्याच. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटीचे काम उभारले आणि २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पण अशा ठिकाणी ‘फुकट’ या शब्दाचा अभिमान बाळगणे क्रूरपणाचे ठरते. म्हणून भेद करावा तो मोबदला आणि भरपाई यांत. अनुभवाला मोबदला नको. त्याच्यासाठी होणाऱ्या प्रवासाची, फोनची, बुडालेल्या मजुरीची, घरी रुग्णाजवळ बसवलेल्या बदली माणसाच्या खर्चाची भरपाई मात्र हक्काने हवी. ती दिली नाही तर आधारगटाचा अनुभव एकाच वर्गाचा, एकाच भाषेचा आणि बऱ्याचदा एकाच जातीचा उरतो. तोही अपुरा अनुभवच.

*‘हे सगळे सरकारने करावे.’* फिजिओथेरपी, स्वस्त औषधे, प्रशिक्षित परिचारिका, प्रमाणपत्रांची सुलभ सोय ही सरकारचीच जबाबदारी आणि तिची मागणी करत राहिले पाहिजे. पण उत्तम सरकारी व्यवस्था असलेल्या ब्रिटनसारख्या देशातही पार्किन्सन्सचे आधारगट गावोगाव आहेत. व्यवस्था सेवा देते. सोबतीला तेच सोसलेले दुसरे माणूस लागते, आणि त्याची नेमणूक शासन निर्णयाने होत नाही.

६. मग करायचे काय?

पहिली गोष्ट संस्थांनी करायची. एकट्या लहान संस्थेला पूर्णवेळ हिशेबनीस परवडत नाही आणि लागतही नाही. पण एका शहरात पार्किन्सन्स, अल्झायमर, स्किझोफ्रेनिया, थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांच्या पाच-सहा संस्था असतातच. त्यांचे आजार वेगळे, पण ३१ मे आणि ३० सप्टेंबर सगळ्यांचे एकच. या संस्थांनी मिळून एक सामायिक कार्यालय आणि एक जाणकार माणूस ठेवला, तर प्रत्येकीच्या वाट्याला आठवड्यातला एक दिवस येतो. तेवढा पुरेसा आहे. विलीनीकरणाची गरज नाही. त्याने आपलेपणा जातो. कागद एकत्र करावा, माणसे आपापल्या गटात राहू द्यावीत.

दुसरी गोष्ट देणगीदारांची. देणगीतला ठरावीक हिस्सा ‘कार्यालयासाठी’ असे लिहून द्यावा, आणि एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा लहान रक्कम सलग तीन-चार वर्षे द्यावी. पगार दरमहा द्यावा लागतो. वाढदिवसाच्या एकरकमी देणगीवर माणूस नेमता येत नाही. ज्यांना पैसे द्यायचे नाहीत, अशा सनदी लेखापालांनी आणि निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी व्यासपीठावर सत्कार स्वीकारण्याऐवजी वर्षातून दोन आठवडे द्यावेत. हिशेबाची सवय नसलेल्या शुभंकरापेक्षा त्यांना ते काम दहा पटींनी लवकर जमेल.

तिसरी गोष्ट नियामकांची. काही लाखांची उलाढाल असलेल्या आधारगटाला आणि शेकडो कोटींच्या शिक्षणसंस्थेला जवळपास तीच कागदपत्रे मागणे ही समानता दिसायला न्याय्य आहे, परिणामात नाही. नियंत्रण हवेच, कारण गैरव्यवहार लहान संस्थांतही होतात. पण धर्मादाय कार्यालय आणि आयकर खाते ही दोन्ही तीच माहिती वेगवेगळ्या नमुन्यांत मागतात. लहान विश्वस्त संस्थांपुरता तरी एकच नमुना दोघांनी स्वीकारावा, यात कोणाचेही नियंत्रण सैल होत नाही.

चौथी गोष्ट अहवालाची. संस्थेने वार्षिक अहवालात कार्यक्रमांच्या यादीआधी दोन आकडे छापावेत: स्वयंसेवकांचे किती तास माणसांत गेले आणि किती कागदात. सुरुवातीला हे आकडे लाजिरवाणे असतील. पण ते एकदा समोर आले की सर्वसाधारण सभेत ‘प्रशासकीय खर्च का वाढला?’ या प्रश्नाला उत्तर देता येईल: तो वाढला म्हणून माणसांतले तास वाढले. आणि ते वाढले नसतील, तर पगारी माणूस ठेवूनही संस्था चुकते आहे हेही त्याच तक्त्यात दिसेल. माझ्या सगळ्या युक्तिवादाची परीक्षा तिथेच व्हावी.

‘आमच्याकडे एकही पगारी माणूस नाही’ हे वाक्य यापुढे व्यासपीठावरून ऐकू आले तर श्रोत्यांनी टाळ्या थांबवून दोन साधे प्रश्न विचारावेत: मग तुमचे हिशेब कोण लिहिते, आणि त्या वेळी फोन कोण उचलते? ज्या संस्थेला या दोन प्रश्नांच्या उत्तरात दोन वेगवेगळी नावे सांगता येतात ती टिकेल. जिथे दोन्हींचे उत्तर एकच नाव असेल, तिथे देणगी द्यावी आणि पावतीवर स्पष्ट लिहून घ्यावे की ती त्या माणसाला हिशेबातून सोडवण्यासाठी आहे.